मळा, माळी आणि मोगरा : ख्रिस्ती उपासनागीतांतील वनस्पतिप्रतिमा

गोव्यात मराठी साहित्य शिकवणाऱ्या कोणालाही फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तील मराठीची स्तुती टाळून पुढे जाता येत नाही. फुलांत मोगरा, वृक्षांत कल्पतरू, तशी भाषांत मराठी, असा तिचा आशय. भाषाविषयक कार्यक्रमांत ती हमखास उद्धृत होते. पदव्युत्तर वर्गाला हे काव्य मी अनेक वर्षे शिकवते आहे आणि उत्तरपत्रिकांत त्यावर एक ठरावीक वाक्य दर वर्षी वाचते : 'कवीने निसर्गातील प्रतिमांनी आपले काव्य सजवले आहे.' या वाक्यात चुकीचे काही नाही, पण त्यातून काही कळतही नाही.

ख्रिस्ती उपासनेच्या साहित्यात वनस्पती सजावटीपुरती क्वचितच येते. तिथे झाडाला काम असते. बी मातीत मरते, वेल छाटली जाते, तोडलेल्या खोडाला धुमारा फुटतो, रानटी फांदीचे कलम होते. धर्मविचार सांगितला जातो तो या क्रियांच्या आधाराने. म्हणून अशी प्रतिमा परक्या भाषेत आणि परक्या मातीत नेताना झाडाचे नाव जसेच्या तसे टिकले की नाही, हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्या झाडाशी माणसाचे जे नाते आहे, त्याच्यासाठी माणूस जे काम करतो, ते नव्या ठिकाणी ओळखीचे निघाले तरच प्रतिमा रुजते. मराठी आणि कोकणीतील काही उदाहरणांच्या आधारे हा मुद्दा मी येथे मांडणार आहे.

तीन बागांची कथा

बायबलच्या कथेत तीन बागा महत्त्वाच्या आहेत. पहिली एदेन. तिथे माणसाला बाग मशागतीसाठी आणि राखणीसाठी दिली जाते आणि एका झाडाच्या फळावरून तो ती गमावतो. दुसरी गेथशेमाने. अटकेच्या रात्री येशू जिथे प्रार्थना करतो ती जागा. मत्तय आणि मार्क तिचे नाव देतात. ती बाग होती हे योहान सांगतो. पुढच्या परंपरेने दोन्ही एकत्र करून 'गेथशेमाने बाग' हा शब्द रूढ केला. गेथशेमाने या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. जैतुनाच्या झाडांमध्ये, जिथे फळ पिळून तेल काढतात तिथे, येशूचे मन पिळवटते, हे नावातच सुचवलेले आहे. तिसरी बाग थडग्याची. क्रूसाजवळच्या बागेत येशूला ठेवले जाते आणि तिसऱ्या दिवशी पहाटे मरीया मग्दालीया त्याला पाहते तेव्हा तिला तो माळी वाटतो.

हा गैरसमज शुभवर्तमानकाराने सहज म्हणून लिहिला असेल, असे जुन्या भाष्यकारांना वाटले नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी ईस्टरच्या आपल्या एका प्रवचनात म्हटले की मरीयेची ही चूक खरे तर चूक नव्हतीच, कारण तिच्या हृदयात सद्गुणांचे बी लावणारा तो माळीच होता. पहिल्या बागेत राखणदार हरला. शेवटच्या बागेत नवा माळी उभा आहे. कथा बागेत सुरू होऊन बागेतच पालटते. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स ऑस्टिन माइल्स यांनी लिहिलेले आणि जगभर गायले गेलेले बागेतल्या भेटीचे लोकप्रिय गीत याच प्रसंगावर आधारलेले आहे.

तीन बागांना जोडणारा दुवा म्हणजे क्रूस. ख्रिस्ती कवींनी क्रूसाला लाकूड मानले नाही, झाड मानले. सम्राटाने पाठवलेला पवित्र क्रूसाचा अवशेष ५६९ साली फ्रान्समधील प्वातिए येथे राणी राडेगुंडच्या मठात आला. त्या निमित्ताने वेनान्तियुस फोर्तुनातुस या कवीने लॅटिन स्तोत्रे रचली. त्यांतील एकात क्रूसाला वृक्ष म्हणून संबोधले आहे आणि त्याची पाने, फूल आणि फळ यांना जोड नाही असे म्हटले आहे. एदेनातल्या झाडाने जे घालवले ते या झाडाने मिळवून दिले, असा त्यामागचा विचार. हे स्तोत्र आजही शुभ शुक्रवारच्या उपासनेत गायले जाते.

झाडाचे काम

येशूच्या दृष्टान्तांतही झाडे कामासाठीच येतात. मोहरीचा दाणा सर्वांत लहान, पण वाढल्यावर पाखरे त्याच्या फांद्यांवर वस्तीला येतात. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. द्राक्षवेलीचा जो फाटा फळ देतो त्याची छाटणी होते, जो देत नाही तो तोडला जातो. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात रानटी जैतुनाची फांदी लागवडीच्या जैतुनावर कलम केल्याचे उदाहरण आहे. परक्यांना जुन्या परंपरेत जागा कशी मिळते, हे त्याला त्यातून सांगायचे आहे.

फुलाच्या बाबतीतही असेच. एका जुन्या जर्मन नाताळगीताचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ते १५९९ साली श्पायरच्या कॅथलिक गीतसंग्रहात छापले गेले. त्याचा आधार यशयाच्या ग्रंथातील भाकीत : इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. गीतात मात्र धुमाऱ्याऐवजी गुलाब आहे. जर्मनमध्ये 'राइस' म्हणजे कोंब आणि 'रोस' म्हणजे गुलाब. मूळ शब्द कोंबाचा असावा असे काही अभ्यासक मानतात. कॅथलिक पाठात हा गुलाब म्हणजे मरीया. मिखाएल प्रेटोरियुस या प्रोटेस्टंट संगीतकाराच्या १६०९ मधील पाठात मरीया ते फूल जन्माला घालते, म्हणजे फूल येशू होतो. एका शब्दाच्या फरकाने उपासनेचा रोख बदलला. हे फूल सजावटीचे असते तर कोणी त्यासाठी पाठ बदलला नसता.

मरीयेचे गुलाबाशी नाते याहून जुने आहे. गीतरत्नातील कुंपण घातलेल्या बागेचे वर्णन मध्ययुगात तिला लावले गेले. जपमाळेसाठी युरोपीय भाषांत जो शब्द आहे त्याचे मूळ 'रोझारियुम', म्हणजे गुलाबांची बाग. आपल्या 'जपमाळ' शब्दातही माळ आहेच. फक्त आपल्या माळेत तुळशीचे मणी किंवा रुद्राक्ष असतात.

भुईकमळ आणि झावळ्या

ही झाडे मराठीत आणताना भाषांतरकारांपुढे तीन वाटा होत्या. पहिली, परके नाव तसेच ठेवणे : 'जैतून'. मराठी मुलखात हे झाड शेतात दिसत नाही. त्यामुळे शब्द समजतो, पण हाताला काही आठवत नाही. दुसरी, जवळचे नाव शोधणे. डोंगरावरील प्रवचनात येशू रानातल्या ज्या फुलांकडे बोट दाखवतो त्यांना मराठी बायबलने 'भुकमळे' म्हटले. गीतरत्नात खोऱ्यातले 'भुईकमळ' आहे आणि शारोनचे 'कुंकुमपुष्प'. इंग्रजी वाचकाच्या ओळखीचा तिथला गुलाब मराठीत आला नाही. मूळ हिब्रू शब्द नेमक्या कोणत्या फुलांचे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. 'भुईकमळ' हा शब्द मात्र मला भाषांतरातला सुंदर तोडगा वाटतो. कमळ म्हटले की आपल्या मनात देवाचे आसन येते, पाणी येते. 'भुई' हा शब्द त्याला मातीत, पायवाटेजवळ उतरवतो. राजाच्या वैभवापेक्षा रानातले फूल थोर, हे जे येशूला सांगायचे आहे, ते या जोडशब्दात उतरले आहे.

तिसरी वाट झाड बदलून कृती टिकवण्याची. येरुशलेममध्ये येशूच्या स्वागताला लोक खजुरीच्या फांद्या घेऊन गेले होते. मराठीत त्या दिवसाला 'झावळ्यांचा रविवार' म्हणतात आणि गोव्यात त्या दिवशी हातात येते ते माडाचे कोवळे पाते. त्याचे क्रूस विणून घरात ठेवतात. आदल्या वर्षीची पाती जाळून केलेली राख पुढच्या राखेच्या बुधवारी कपाळाला लागते. झाड बदलले, पण हिरव्या पात्यापासून राखेपर्यंतचा त्याचा वर्षभराचा प्रवास तसाच राहिला.

अर्थात प्रत्येक झाड बदलता येत नाही. कॅथलिक उपासनेतील भाकर गव्हाचीच आणि द्राक्षारस द्राक्षांचाच लागतो, असा चर्चचा नियम आहे. तांदळाच्या मुलखातही वेदीवर गहूच असतो. पण त्याच चर्चमध्ये ऑगस्ट महिन्यात भाताची नवी कणसे आणून त्यांना आशीर्वाद देतात. रायच्या चर्चमध्ये हे कणसांचे फेस्त ५ ऑगस्टला होते, ताळगावात २१ ऑगस्टला. हिंदूंच्या घरी आणि देवळात याच सुमारास 'नवें' होते, नवी कणसे दारावर बांधली जातात. वेदीवर दूरचा गहू आणि मिरवणुकीत बांधावरचे भात, असे दोन्ही एका छताखाली नांदतात. प्रतिमा कुठे अढळ असते आणि कुठे मातीप्रमाणे बदलते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरीकडे शोधायला जायला नको.

स्टीफन्स यांचा मोगरा

आता 'ख्रिस्तपुराणा'कडे येऊ. इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील माडाचे वर्णन केले आहे. तेल, माडी, गूळ, व्हिनेगर, दोर, छपरासाठी झावळ्या, तहान भागवणारे पाणी, एका झाडापासून काय काय मिळते याची ती यादीच आहे. याच पत्रात त्यांनी भारतीय भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्यही टिपले आहे. झाड आणि भाषा हे दोन्ही या माणसाने बारकाईने पाहिले होते.

पण १६१६ साली रायतूरला छापल्या गेलेल्या दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या काव्यात मराठीला शोभेल अशी वनस्पती निवडताना त्यांनी उपयुक्त माड घेतला नाही, मोगरा आणि कल्पतरू घेतले. याचे कारण त्यांच्या श्रोत्यांत शोधले पाहिजे. 'अमुकांत अमुक श्रेष्ठ' ही रचना त्या श्रोत्यांच्या कानाला गीतेच्या दहाव्या अध्यायापासून परिचित होती. तिथे वृक्षांमध्ये अश्वत्थ येतो. ज्ञानदेवांच्या नावाने गायल्या जाणाऱ्या अभंगात मोगऱ्याचा वेल हे आत्मानुभवाच्या वाढीचे चित्र आहे आणि पसायदानात संतांना कल्पतरूंच्या बनांची उपमा आहे. इवल्या रोपाची अफाट वाढ हा त्या अभंगातील विषय मोहरीच्या दाण्याच्या दृष्टान्तापासून फार दूर नाही. स्टीफन्स यांनी मराठीचे कौतुक केले ते मराठीच्याच बागेतली फुले खुडून. मोगरा हा त्यांच्या हाती आलेल्या काव्यपरंपरेचा शब्द होता.

हे काव्य कोणासाठी लिहिले गेले हेही विसरता येत नाही. धर्मांतरानंतर ज्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, त्या नवख्रिस्ती श्रोत्यांना ऐकायला पुराण हवे होते. काव्याच्या आरंभीच तशी मागणी येते. म्हणजे या मोगऱ्याच्या मागे एक उजाड झालेले अंगणही आहे. ते अंगण पुढे अधिक उजाड झाले. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात नवख्रिस्त्यांनी घराच्या आवारात तुळस लावू नये, असलेली उपटून टाकावी, असा आदेश होता. अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे हे फर्मान अभ्यासकांना ज्ञात आहे. वनस्पती म्हणजे निव्वळ सजावट असे ज्यांना वाटते त्यांनी हे फर्मान वाचावे. एका रोपट्यात किती उपासना साठलेली असते, हे ते उपटण्याचा हुकूम काढणाऱ्यांना पक्के माहीत होते.

मळ्यातला देव

त्याच अठराव्या शतकात फादर जोआकिम द मिरांद यांनी येशूच्या दुःखसहनावर कोकणी स्तोत्र रचले. ते तपःकाळात अजूनही गायले जाते. त्याच्या नावातच येशू ज्या जागी शिरतो तिला 'मळो' म्हटले आहे. बागेसाठी पोर्तुगीज शब्द त्यांच्याजवळ होता. त्यांनी घरचा शब्द घेतला. मळा म्हणजे फुरसतीत फिरण्याचे उपवन नव्हे. मळ्यात पाणी शिंपावे लागते, वाफे करावे लागतात, राखण करावी लागते. घाण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेला हा घामाचा शब्द किती चपखल बसतो! नकाशावर गेथशेमाने कुठे आहे हे गाणाऱ्याला ठाऊक नसेल, पण रात्री मळ्यात एकट्याने बसणे म्हणजे काय हे त्याला सांगावे लागत नाही.

मराठी वाचकाला मळा म्हटले की अरणचे सावता माळी आठवतात. त्यांना पंढरीची वाट धरावी लागली नाही. विठ्ठल त्यांना भाजीच्या वाफ्यात दिसला. आता योहानाच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग मराठीत पुन्हा वाचून पाहावा. मरीयेला जो दिसतो तो 'माळी' वाटतो. या शब्दाला ग्रीकमध्ये जो अर्थ आहे तो मराठीत आहेच, शिवाय सातशे वर्षांच्या भक्तीचा अर्थही आहे. सावतोबांना मळ्यात देव दिसतो. मरीयेला देव माळ्याच्या रूपात दिसतो. या दोन गोष्टी एक नाहीत आणि त्या एक आहेत असे सांगण्याची गरजही नाही. मराठीत 'माळी' हा शब्द उच्चारल्यावर दोन्ही शेजारी उभ्या राहतात, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

टिळकांची फुले

हे शेजारपण सर्वांत मोकळेपणाने जगले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या मराठी ख्रिस्ती गायनात पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा होता. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांना चर्चमध्ये हक्काची जागा मिळवून दिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची गीते 'उपासना संगीत' या संग्रहातून आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात.

मराठी साहित्यात ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात आणि ही ओळख बहुधा त्यांच्या धर्मजीवनापासून वेगळी काढून सांगितली जाते. मला ती फारकत मान्य नाही. 'वनवासी फूल' या त्यांच्या काव्यात रानातल्या फुलाशी कवीचा संवाद आहे. लोकांपासून दूर राहावे की त्यांच्यात जाऊन उपयोगी पडावे, हा त्यातला प्रश्न साधकाचा आहे. कोणी न पाहिलेल्या फुलाचे मोल काय, हा प्रश्न डोंगरावरच्या प्रवचनातील भुकमळांपाशीही उभा आहे. निसर्गकविता आणि उपासनागीत यांच्या मधले कुंपण टिळकांनी मानलेच नाही. अहमदनगरला त्यांच्या घरी राहिलेल्या बालकवींच्या कवितेत फुले जशी बोलू-लाजू लागतात, तिचा विचार करताना या घरातले वातावरण ध्यानात ठेवायला हवे.

वर्गात काय करावे?

शिक्षक मित्रांसाठी एक साधी रीत सुचवते. कोणत्याही उपासनागीतात झाड, फूल किंवा बी आले की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. ही वनस्पती कोणती? तिच्याबाबत काय केले जाते? ते कोण करते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात मिळते. दुसरा प्रश्न विद्यार्थ्याला शेतात, परसात नेतो. तिसऱ्या प्रश्नाने गीतातला देव आणि माणूस यांचे नाते उघड होते.

या रीतीचा उपयोग कसा होतो ते सांगते. द्राक्षवेलीचा दृष्टान्त चालू असताना फोंड्याकडच्या एका विद्यार्थिनीने कुळागरातल्या मिरवेलीचे उदाहरण दिले. पोफळीवर चढलेल्या मिरवेलीचा फाटा तुटला की बघता बघता पाने मान टाकतात, असे ती म्हणाली. वर्गाला दृष्टान्त तत्काळ कळला. मग दुसऱ्याने हरकत घेतली : मिरवेल दुसऱ्याच्या खोडावर चढते, तिचे मूळ वेगळे आणि पोफळीचे वेगळे, योहानाच्या दृष्टान्तात मात्र येशू स्वतःच वेल आहे आणि फाट्यांत त्याचाच रस आहे. आधाराचे नाते आणि एकाच रसाचे नाते यांतला हा फरक मुलांनी स्वतः शोधला. पोफळीवरच्या मिरवेलीने त्यांना दृष्टान्ताजवळ नेले आणि तिथेच तिची मर्यादाही दाखवली. परकी प्रतिमा शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

आपल्याकडे हिंदू विद्यार्थी 'ख्रिस्तपुराण' दुसऱ्यांचे म्हणून वाचतात आणि ख्रिस्ती विद्यार्थी ज्ञानेश्वरी दुसऱ्यांची म्हणून. परीक्षेपुरते दोन्ही वाचून होते आणि दोन्ही दूरच राहतात. मळा, माळी, मोगरा, धुमारा, कणीस हे शब्द मात्र दोघांच्या घरचे आहेत. ज्याने रोप लावले आहे, पाणी घातले आहे आणि ते जगेल की नाही म्हणून वाट पाहिली आहे, त्याला या दोन्ही ग्रंथांत शिरायला वेगळी परवानगी लागत नाही. आपल्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी अनेकांच्या घरी अजून भात आहे, माड आहे, परसात मोगरा आहे. पुढच्या पिढीच्या घरी ते असेलच असे नाही. तोवर हे ग्रंथ त्यांच्या हातात, त्यांच्या मातीच्या ओळखीसह देणे हे मराठीच्या शिक्षकाचे काम आहे.